यादीत नसलेलं नाव

आमच्या फ्रिजवर वहीचा एक कागद महिनाभर चिकटवलेला होता. वर ठळक अक्षरात ‘उमऱ्याहून आणायचं’ आणि खाली ओळीने नावं. लोक भेटायला येत गेले तशी यादी वाढत गेली. निघायच्या दिवशी ती 46 नावांवर थांबली. नावापुढे वस्तू लिहिलेली. कुणाला तस्बीह, कुणाला टोपी, कुणाला जानमाज, कुणाला अत्तर, आणि खजूर नि जमजम सगळ्यांनाच. अक्षर आमच्या थोरलीचं. ती नववीत आहे. घरचा किराणा असो, फितऱ्याचा हिशेब असो की लग्नातल्या आहेराची नोंद, लिहायचं काम तिच्याकडेच असतं. तिचं अक्षर सुंदर आहे आणि ती कुणाला विसरत नाही.

तो कागद घडी करून आम्ही पासपोर्टच्या पाकिटात ठेवला आणि निघालो. त्या कागदात काय राहिलं आहे, हे कळायला आम्हा दोघांना अकरा दिवस लागले. उमऱ्याची वर्णनं आपल्या मासिकात पुष्कळ येतात, येत राहोत. आम्ही मात्र इथे त्या कागदाबद्दल लिहिणार आहोत.

भिशी आणि एक दिलेला शब्द

आम्ही कराडचे. आमच्यापैकी एक पतसंस्थेत नोकरीला, दुसरी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच उमऱ्यासाठी म्हणून भिशी धरली होती. पण भिशी उचलायची वेळ आली, की घरात काहीतरी उभं राहायचं. एकदा छप्पर गळायला लागलं, एकदा अब्बांचं ऑपरेशन निघालं, एकदा नणंदेचं लग्न. पैसे गेले त्याचं दुःख नाही, ते योग्य ठिकाणीच गेले. पण इरादा मागे पडत गेला.

दोन वर्षांपूर्वी कधीतरी जेवताना आम्ही मुलांना बोलून गेलो होतो, की जाऊ तेव्हा पाचही जण जाऊ. प्रत्यक्षात पैसे जमले ते दोघांपुरते. दादी म्हणाल्या, “तुम्ही दोघं जाऊन या. पोरांचं आयुष्य पडलंय. मी आहे, त्यांची फुफी आहे.” चौदा दिवसांचा प्रश्न होता. आम्ही तयार झालो.

निघण्याआधी तिन्ही मुलांना विचारलं, तुमच्यासाठी काय आणायचं? धाकटी पहिलीत आहे. तिला चालणारा उंट हवा होता, मानेत घंटा असलेला. मधला पाचवीत आहे आणि रेल्वेवेडा आहे. मक्का-मदिना हरमैन रेल्वे 2018 मध्ये सुरू झाली, ती ताशी 300 किलोमीटरने धावते, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. त्याला त्या गाडीचं खेळण्यातलं मॉडेल हवं होतं. थोरलीला विचारलं. ती यादीत एक नाव वाढवत होती. मान वर न करता म्हणाली, “मला काही नको.”

किती समजूतदार पोरगी आहे, असं आम्ही एकमेकांना म्हटलं आणि पुढच्या कामाला लागलो.

हरमपासून चार पावलांवर

काबा पहिल्यांदा नजरेस पडतो तेव्हा काय होतं, ते लिहायचा आम्ही प्रयत्न करणार नाही. जे गेले आहेत त्यांना माहीत आहे, आणि जे जातील त्यांना ते स्वतःच कळावं. पहिला तवाफ, सई, केस कापणं हे सगळं होईपर्यंत पहाट झाली होती. पायांना फोड आले होते आणि तरीही झोपावंसं वाटत नव्हतं. घरी व्हिडिओ कॉल लावला. दादी रडल्या, धाकटीने उंटाची आठवण केली, मधल्याने स्टेशन दाखवा म्हटलं. थोरली म्हणाली, “यादीतले लोक विचारतात, दुआ केली का म्हणून. मी सगळ्यांना हो सांगितलंय.”

पहिले तीन दिवस आम्ही फक्त इबादत केली. चौथ्या दिवशी असरआधी यादी बाहेर काढली, आणि तिथून आमची गाडी घसरली.

हरमच्या बाहेर पडलं, की दुकानंच दुकानं. मोठ्या घड्याळाच्या बुरुजाखालचा झगझगीत मॉल वेगळा, मागच्या गल्ल्यांतली ‘दहा रियाल, दहा रियाल’ ओरडणारी दुकानं वेगळी. माणूस नमाज पढून बाहेर येतो आणि पाय आपोआप दुकानात शिरतात. तस्बीह डझनाने, टोप्या डझनाने, ओढण्या गठ्ठ्याने. एका दुकानात जानमाज 15 रियालला, पुढच्यात 13 ला. मग आधीच्या दुकानात परत जायचं, घासाघीस करायची. तेव्हा एक रियाल 22 रुपयांच्या पुढे होता. प्रत्येक वस्तूला मनात गुणाकार चालायचा.

वस्तू उलटून पाहिल्या, तर बहुतेकींवर चीनचं नाव. तस्बीह चीनची, खेळणी चीनची, काही जानमाज तुर्कस्तानचे. एका ओढणीच्या घडीत तर भारतात बनल्याची चिठ्ठी निघाली. म्हणजे ती ओढणी आमच्याआधी समुद्र ओलांडून गेली होती आणि आम्ही तिला पैसे मोजून परत आणणार होतो. आम्ही हसलो आणि तीसुद्धा घेतली. यादीत ओढणीवाल्या सहाजणी होत्या.

पाचव्या दिवशीची गोष्ट लिहायला जड जातं, पण लिहितो. असरची अजान झाली तेव्हा आम्ही टोप्या मोजत होतो. दुकानदार शटर ओढायच्या घाईत, आम्ही म्हणतोय एवढ्या पाच राहिल्या. बाहेर पडेपर्यंत जमाअत उभी राहिली होती. दोन रकात हुकल्या. हजारो मैलांवरून, इतक्या वर्षांच्या बचतीतून जिथे आलो, तिथे हरमच्या दारात आमची जमाअत हुकली ती कुणाच्या तरी पाच टोप्यांसाठी. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही.

हाजीबाबांची पेटी

त्या रात्री हाजीबाबांची आठवण निघाली. हाजीबाबा म्हणजे आमच्या घरातले थोरले आजोबा. ते मुंबईहून बोटीने हजला गेले होते. ही समुद्रमार्गाची सोय 1995 पर्यंत होती, नंतर बंद झाली. बोटीचा प्रवास आठवड्याहून जास्त दिवसांचा. त्यांना निरोप द्यायला अर्धं गाव मुंबईच्या बंदरावर गेलं होतं, असं घरात सांगतात.

ते परत आले तेव्हा एक पत्र्याची पेटी सोबत होती. पेटीत काय होतं, ते आमच्या घरात अजून पाठ आहे. जमजमचा डाग लावून बंद केलेला डबा. खजूर. सुरमा. स्वतःसाठी जमजममध्ये भिजवून वाळवलेलं कफनाचं कापड. आणि मुलांसाठी एक, फक्त एक, प्लॅस्टिकचा छोटा कॅमेरा. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी तो होता. डोळ्याला लावायचा, कळ दाबायची, की आत एकामागून एक चित्र दिसायचं. काबा, मिना, अरफातचा डोंगर, मस्जिद-ए-नबवीचा हिरवा घुमट.

घरात तेव्हा लहान मुलं नऊ आणि कॅमेरा एक. हाजीबाबा स्वतः पायरीवर बसायचे, मुलांना रांगेत उभं करायचे आणि प्रत्येक चित्र आलं, की ते ठिकाण काय, तिथे त्यांनी काय केलं, ते सांगायचे. एका मुलाला पूर्ण फेरी झाल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात कॅमेरा जायचा नाही. कळ कधीच तुटली, पण कोणत्या चित्रानंतर कोणतं यायचं, हे आमच्यापैकी एकाला आजही सांगता येतं.

कफनाचं कापड त्यांना पुढे लागलंच. जमजम वाटून संपला. खजूर संपले. गावभर किती तस्बीह वाटल्या, हे कुणाला आठवत नाही.

मदिन्याच्या छत्र्यांखाली

नवव्या दिवशी मदिन्याला आलो. मदिन्यात माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मस्जिद-ए-नबवीच्या अंगणात 250 मोठ्या छत्र्या आहेत. सकाळी त्या उमलतात, संध्याकाळी मिटतात. रौजातल्या नमाजासाठी फोनवरच्या नुसुक ॲपवर वेळ घ्यावी लागते. आम्हा दोघांच्या वेळा वेगळ्या आल्या, तेवढ्यापुरते एकटे गेलो. कुबा झालं, उहुदच्या पायथ्याशी सलाम झाला.

मग खजूर. मदिन्यात यादीतली खरी वस्तू ती. अजवा काळी, लहान आणि मऊ, किलोला 60 रियाल. सफावी लांबट, 25 ला. सुक्करी पिवळसर आणि साखरेसारखी विरघळणारी, ती मूळची कसीम भागातली. आम्ही एकूण 14 किलो खजूर घेतले.

अकराव्या दिवशी रात्री हॉटेलच्या खोलीत बॅगा भरायला घेतल्या. हातकाट्यावर बॅग टांगली. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. चारही बॅगा मिळून सात किलो जास्त भरल्या. आता काय काढायचं, हे ठरवायला कागद पुढे घेतला आणि एकेक नावावर टिचकी मारत वस्तू पुन्हा मोजायला लागलो. मामू, खाला, शेजारच्या काकू, शाळेतले शिपाई, पतसंस्थेतले साहेब, दूधवाले, दर्गा गल्लीतल्या बूढ़ीमाँ. सगळ्यांत शेवटी, वेगळा चौकोन करून, दोन ओळी होत्या. धाकटी: चालणारा उंट, घंटा पाहिजे. मधला: ट्रेन, पांढरी, खोटी नाही, हरमैनच.

बस्स. कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

तिने 46 जणांची नावं लिहिली होती. धाकट्या बहीण-भावाला काय हवं, ते अगदी खुणेसकट लिहिलं होतं. स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. आणि अकरा दिवस तो कागद रोज हातात घेऊनही ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. उंट घेतला होता, ट्रेन घेतली होती. तिच्यासाठी काहीच घेतलं नव्हतं. “काही नको” म्हणाली होती ना, म्हणून.

तिला काय आवडतं?

आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो. प्रश्न साधा होता. तिच्यासाठी काय घ्यायचं? एकाने म्हटलं, घड्याळ. दुसरीने म्हटलं, तिला घड्याळ आवडत नाही, मागचं तसंच पडलंय. अबाया? तिची उंची आता किती, हे दोघांनाही नक्की सांगता येईना. अत्तर? तिचं डोकं दुखतं. मग तिला आवडतं काय? आम्ही गप्प झालो.

धाकटीचा आवडता रंग आम्हाला माहीत आहे. मधल्याच्या वहीत किती इंजिनांची चित्रं आहेत, तेही. थोरलीबद्दल आम्हाला काय माहीत होतं? तिचे गणिताचे गुण. ती दादीच्या गोळ्या वेळेवर देते. ती धाकटीची वेणी घालते. ती आमच्या कोणत्या कामाला येते, ते सगळं आम्हाला ठाऊक होतं. तिचं स्वतःचं असं काही सांगता येईना. वर, पाचही जण जाऊ, हा शब्द आम्ही दिला होता, मोडला होता, आणि मोडल्याबद्दल तिच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो.

जिथे आम्ही बसलो होतो, त्याच शहरात घडलेली एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. हजरत बशीर (र.) यांनी आपल्या एका मुलाला, नुअमानला, खास भेट दिली. नुअमानच्या आई हजरत अमरा (र.) यांचा आग्रह होता, की प्रेषितांना (स.) याचं साक्षीदार करा. बशीर (र.) गेले. प्रेषितांनी (स.) विचारलं, की सगळ्या मुलांना असंच दिलं आहे का? उत्तर नाही असं आलं. तेव्हा त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय राखायला सांगितलं. बशीर (र.) यांनी घरी येऊन भेट परत घेतली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

ही हदीस आम्ही नेहमी वारसाहक्काच्या भांडणात ऐकली होती. जमीन, घर, दुकान यांच्या संदर्भात. मुलांच्या खेळण्यांना ती लागू होते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि ज्याला दिलं त्याची ती गोष्ट आम्ही लक्षात ठेवली होती. ज्यांना दिलं नव्हतं, ती मुलं घरी काय करत असतील, याचा विचार केला नव्हता.

फोन आणि बोरू

सकाळी फजरनंतर घरी फोन लावला. भारतात तेव्हा शाळेची गडबड असते. थोरलीलाच विचारलं, तर तेच उत्तर आलं, “अम्मी, खरंच काही नको. बॅगेत जागा आहे का?” मग मधल्याला फोन द्यायला सांगितलं आणि त्याला बाजूला जाऊन बोल म्हटलं. बापूला काय आवडतं रे? घरात सगळी भावंडं तिला बापू म्हणतात.

तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “ती आइस्क्रीमच्या काड्या ब्लेडने तिरक्या कापते आणि शाईत बुडवून लिहिते. कॅलेंडरवरचं अरबी बघून. गादीखाली वही आहे. सांगू नका मी सांगितलं म्हणून.”

किती दिवसांपासून? “लय दिवस झाले.”

त्या दिवशी बाजारातल्या एकाही भेटवस्तूच्या दुकानात आम्ही गेलो नाही. हॉटेलच्या माणसाला विचारून वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा पत्ता काढला. हरमपासून लांब, साध्या वस्तीत, शाळेच्या मुलांचं दुकान होतं. गल्ल्यावरचा माणूस केरळचा, उर्दू चांगलं बोलणारा. आम्ही म्हटलं, मुलीला अरबी अक्षर वळवायचं आहे. त्याने खालच्या खणातून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. आत वेताच्या लेखण्या होत्या. ज्याला अरबीत कलम म्हणतात आणि मराठीत बोरू. तोच बोरू, ज्याने आपल्याकडे मोडीची दफ्तरं लिहिली गेली.

त्याने आम्हाला समजावून सांगितलं. टोक तिरकं कापतात, म्हणून एकाच लेखणीतून जाड आणि बारीक दोन्ही रेघा निघतात. टोकाची रुंदी जेवढी, तेवढा एक ठिपका. अलिफ किती ठिपक्यांचा उंच, बे किती ठिपक्यांची लांब, हे त्या ठिपक्याने मोजायचं. शाई काजळी आणि डिंकापासून करतात. दौतीत थोडा रेशमी धाग्याचा गुंता ठेवतात, म्हणजे बोरू बुडवला तरी शाई जास्त उचलली जात नाही, डाग पडत नाही. आइस्क्रीमच्या काडीने लिहिणाऱ्या मुलीला तो डाग रोज पडत असणार, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं.

तीन रुंदीचे तीन बोरू, शाईची दौत, रेशमी धागा आणि सरावाची वही. एकूण 38 रियाल झाले. ट्रेन 40 ची होती, उंट 35 चा. हिशेब जवळपास बरोबर बसला. आम्ही मुद्दाम बसवला नव्हता, पण बरं वाटलं.

मग आम्ही मस्जिद-ए-नबवीत परत आलो आणि पहिल्यांदा भिंतींकडे नीट पाहिलं. तीन दिवस त्याच भिंतींखाली बसत होतो. किबल्याच्या बाजूचं उस्मानी काळातलं लिखाण अब्दुल्लाह जुहदी या कातिबाच्या हातचं आहे. सुलतान अब्दुल मजीद यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मशिदीचं मोठं बांधकाम झालं तेव्हाचं. मदिन्यातच कुरआन छापण्याचा किंग फहद छापखाना आहे. तिथल्या जगभर पोचलेल्या प्रती ज्यांच्या हस्ताक्षरावरून छापल्या जातात, ते कातिब उस्मान ताहा सीरियातल्या हलबकडचे. म्हणजे आमच्या ताकावर ठेवलेल्या मदिन्याच्या मुसहफातलं अक्षरही अशाच एका माणसाने हाताने लिहिलेलं होतं. थोरलीला हे दाखवायला हवं होतं. तिला आणलं नव्हतं. मग जिथे फोटो काढायला हरकत नव्हती तिथे, आमचे नव्हे, अक्षरांचे फोटो काढले. चौदा दिवसांत पहिल्यांदा आम्ही तिच्यासाठी काहीतरी पाहत होतो.

सात किलो

बॅगेतून काय काढायचं, हा प्रश्न उरलाच होता. आदल्या रात्री खरं सांगायचं तर उंटाचं मोठं खोकं काढायचा विचार आला होता. घरच्यांचं काय, समजून घेतील. हे वाक्य आम्ही दोघांनीही मनात म्हटलं होतं. बाहेरच्यांपुढे मान खाली जायला नको म्हणून घरच्यांची वस्तू पहिली काढायची, ही सवय आपल्यात किती मुरलेली आहे, ते त्या काट्यापुढे कळलं.

शेवटी आठ जानमाज काढले. हॉटेलात साफसफाई करणारी मुलं होती, बांगलादेशची आणि बिहारची. दोन-दोन वर्षं घरी न गेलेली. त्यांना दिले. त्यातल्या एकाने जानमाज लगेच स्वतःच्या बॅगेत ठेवला. म्हणाला, घरी जाताना आईसाठी नेईन. आम्हाला तेवढं उत्तर पुरलं.

घरी

घर माणसांनी भरलेलं होतं. लहान कपांत जमजम, वाटीत खजूर, आलेल्या प्रत्येकाला एक पुडी. जानमाज न मिळालेल्या आठांपैकी सहा जणांनी काही मनावर घेतलं नाही. एका नातेवाईक बाईंनी घेतलं. दोन महिने त्या नीट बोलल्या नाहीत. हे लिहितो, कारण असं होतं, आणि ते सोसावं लागतं.

धाकटीचा उंट तिसऱ्या दिवशी चालायचा थांबला. घंटा अजून वाजते. मधल्याने ट्रेनसाठी जिन्याखाली रूळ टाकले. शिवाय अजवाच्या बिया धुऊन ओल्या कापडात गुंडाळून ठेवल्या. महिन्याने दोन बियांना मोड आले. खजुराचं रोप सुरुवातीला गवताच्या एका पात्यासारखं दिसतं. झाड नर की मादी, ते कळायला काही वर्षं जातात, आणि आपल्या पावसात फळ पिकणं कठीण. त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघू.

थोरलीची पुडी तिने सगळे गेल्यावर उघडली. बोरू हातात घेतला, टोक नखावर टेकवून पाहिलं. आम्हाला वाटलं होतं ती खूश होईल. ती आधी रागावली. “कुणी सांगितलं तुम्हाला?” मधला तोवर अंगणात पळाला होता. त्याला पुढचे दोन दिवस तिने सोबत सायकलवर घेतलं नाही.

त्या रात्री आम्ही तिच्याजवळ बसलो. म्हटलं, पाचही जण जाऊ म्हणालो होतो, ते आम्ही मोडलं. तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आमचं चुकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यादी लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव कसं लिहायचं? ते दुसऱ्याने लिहायचं असतं ना.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने स्वतःच विषय बदलला. दौतीत धागा कशाला ठेवायचा, ते विचारलं. ते मात्र आम्हाला सांगता आलं. फोनवरचे फोटो मोठे करून तिने एकेक अक्षर पाहिलं. रात्री साडेबारा वाजले. उद्या शाळा आहे, असं कुणीच म्हटलं नाही.

जाणाऱ्यांसाठी

अनेक वाचक या वर्षी निघणार असतील. आमच्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

यादी घ्यायचीच नाही. भेटायला येणाऱ्यांची दुआ लिहून घ्यावी, वस्तू लिहून घेऊ नये. परत आल्यावर खजूर आणि जमजम सगळ्यांना सारखे द्यावेत. तेवढा तबर्रुक पुरतो आणि कुणाला कमी-जास्त वाटत नाही.

खरेदीची वेळ आधीच ठरवावी. आम्हाला पुन्हा जायला मिळालं, तर शेवटचा एक दिवस, इशानंतर दोन तास, एवढंच ठेवू. अजान झाली, की हातातली वस्तू खाली ठेवून बाहेर पडावं, मग सौदा गेला तरी चालेल.

जमजम बॅगेत भरू नये. विमानतळावर पाच लिटरचा सीलबंद डबा मिळतो. तो कसा न्यायचा, याचा नियम तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारावा. हातकाटा घरूनच न्यावा.

आणि मुलांची खरेदी सर्वांत आधी करावी, उरलेल्या पैशांतून नव्हे. प्रत्येक मुलाला काय आवडतं, ते निघण्याआधी कागदावर लिहून पाहावं. ज्या मुलाच्या नावापुढे लिहायला काही सुचत नाही, त्याच्याजवळ निघण्यापूर्वी एक संध्याकाळ बसावं.

परवा आमच्याच गल्लीतलं एक जोडपं उमऱ्याला निघालं. आम्ही पाचही जण भेटायला गेलो. त्यांच्या फ्रिजवरही कागद होता, तीस-पस्तीस नावांचा. आम्ही आमचं नाव त्यात लिहू दिलं नाही, फक्त दुआ मागितली. मोठ्यांच्या गप्पा चालल्या होत्या. थोरली मात्र कागदासमोर उभी राहून नावं वाचत होती. घरातली मुलगी, तिच्याच वयाची, हातात पेन घेऊन बाजूला उभी होती. थोरलीने तिच्या हातातून पेन घेतला, तिचं नाव विचारलं आणि ते सगळ्यात वर, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं.